गोष्ट सांग ना यार!

हिंजवडीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये बघा. चेन्नईचा किंवा लखनौचा कलीग हौसेने मराठी शिकायला निघतो आणि आपण त्याला शिकवतो काय? 'जेवलास का?', 'चल, निघू' आणि दोन-चार शिव्या. गाडी तिथेच अडकते. सुटी वाक्यं डोक्यात राहत नाहीत. गोष्ट राहते. पुढे काय झालं याची उत्सुकता असली की माणूस न कळलेला शब्द अंदाजाने ओलांडतो. तोच शब्द चार वेळा आला की त्याचाच होऊन जातो.

पण कुठल्या मराठीत सांगायची? 'शुद्ध'च, असं म्हणणाऱ्यांनी जरा फलटणला जाऊन यावं. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाईंनी पीएच.डी.साठी मराठी निवडली ती पुण्याची नाही, सातारा जिल्ह्यातल्या या गावची. ते झालं १९७३ साली. १९७५ मध्ये त्यांनी जाई निंबकरांबरोबर परभाषकांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं. पुढे त्या भारतीय नागरिक झाल्या, फलटणकरांच्या मॅक्सिनमावशी झाल्या आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा त्यांनी उभी केली. साधा हिशेब आहे. 'व्हतं', 'न्हाई' म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच वाक्याला टोकलं, तर शुद्ध बोलणं राहिलं बाजूला, पोर बोलायचंच थांबतं.

सातारा-सांगलीहून आलेले आपले कितीतरी मित्र मीटिंगमध्ये असेच गप्प असतात. तोंडून 'आनि' निसटेल ही धास्ती! खरं तर सगळ्यात भारी गोष्टी त्यांच्याकडेच आहेत. साताऱ्याचं माण आणि सांगलीचं आटपाडी ज्यात येतात, त्या माणदेशातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ मध्ये 'बनगरवाडी' दिली. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेल्या पोरसवदा मास्तरची कादंबरी. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं बोलतात माणदेशीत. एकाच पुस्तकात दोन्ही मराठी, आणि आकारही छोटासा. शिकणाऱ्याला अजून काय हवं?

तर उद्या लंचला आटपाडीच्या मित्राला त्याच्या गावातली भुताची गोष्ट सांगायला लावा, त्याच्याच भाषेत. परवा तीच गोष्ट चेन्नईवाल्याने सांगायची, मोडक्यातोडक्या मराठीत. मध्येच कुणी 'तो नाही रे, ती' म्हणालं, तर त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्याच्याकडून.