शकुंतलेच्या बंद इमारती लोकांसाठी खुल्या करण्याबाबत निवेदन

प्रति,
1) मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, भुसावळ विभाग, भुसावळ
2) मा. अध्यक्ष व मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, मूर्तिजापूर, जि. अकोला

विषय : मूर्तिजापूर जंक्शनवरील शकुंतला (नॅरोगेज) रेल्वेच्या वापरात नसलेल्या इमारती नगर परिषदेमार्फत ना-नफा संस्थेला भाडेपट्ट्याने देऊन तेथे अभ्यासिका, वाचनालय व संग्रहालय सुरू करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मूर्तिजापूर शहर व तालुक्यातील नागरिक, पालक आणि विद्यार्थी आपणास पुढीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर आणण्यासाठी शकुंतला रेल्वे बांधली गेली. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला, तर दुसरा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जात असे. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर. मँचेस्टरला 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 1923 पासून या मार्गावर धावले आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. मोजक्या कर्मचाऱ्यांवर ही गाडी चालली. फाटक आले की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की पुन्हा थांबायची आणि तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. तिकिटेही गार्डच द्यायचा. एसटीचे भाडे न परवडणाऱ्या खेड्यापाड्यांतील माणसांसाठी हीच गाडी होती.

आज ती बंद आहे. रुळांत झुडपे माजली आहेत आणि नॅरोगेजचा सारा परिसर वापराविना पडून आहे. बंद इमारतीची पडझड चालू इमारतीपेक्षा लवकर होते. कौले सरकतात, पावसाचे पाणी भिंतीत मुरते, दारे-खिडक्या चोरीला जातात आणि शेवटी ‘धोकादायक’ अशी पाटी लागून सारे पाडले जाते. मूर्तिजापुरात तसे होऊ नये, म्हणून हे निवेदन वेळेत देत आहोत.

दुसरीकडे शहराची गरज डोळ्यांसमोर आहे. तालुक्यातील मुले-मुली पोलीस भरती, तलाठी भरती आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करतात. ज्यांच्या घरात एकच खोली आहे, त्यांना शांतपणे बसायला जागा नाही. ज्यांना परवडते ते अकोला-अमरावतीला खोली घेऊन राहतात. न परवडणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी आहे. स्टेशनलगतची जागा खेड्यातून रेल्वेने किंवा एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीची आहे.

अशा वापराला आधार आहे. नागपूरला मोतीबाग येथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय 2002 पासून आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये रेल्वेच्या जमिनीवर भागीदारीतील रुग्णालये व केंद्रीय विद्यालयांसाठी वर्षाला चौरस मीटरमागे 1 रुपया एवढे नाममात्र शुल्क मान्य केले. वाचनालय त्या यादीत नसले, तरी लोकोपयोगी कामाकडून बाजारभाव मागू नये हे तत्त्व रेल्वेने स्वीकारलेले आहे. आमच्याच तालुक्यातील दापुऱ्यात वाढलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली वास्तू लोकांसाठीच चालावी, हा धडा या मातीला नवा नाही.

मात्र करार कसा नसावा, हेही शकुंतलेनेच शिकवले आहे. मार्ग किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, गाडी चालवणारी भारतीय रेल्वे. मालक एक, चालवणारा दुसरा आणि दुरुस्तीवर पुरेसा खर्च कोणीच केला नाही. त्यातच मार्ग खिळखिळा झाला. म्हणून आमची मागणी नुसती ‘जागा द्या’ अशी नाही. देखभाल कोणी करायची, हे पहिल्याच पानावर लिहून मग जागा द्यावी.

आमच्या मागण्या :

1) रेल्वे, नगर परिषद व महसूल विभागाने 30 दिवसांत संयुक्त पाहणी करावी. कोणती इमारत व जमीन रेल्वेची आणि कोणती कंपनीची, हे कागदपत्रांवरून ठरवून जाहीर करावे. इमारतींची स्ट्रक्चरल तपासणी करावी.

2) उरलेल्या जुन्या वस्तू, फलक व दप्तर यांची यादी करावी. यादी पूर्ण होईपर्यंत एकही वस्तू भंगाराच्या लिलावात काढू नये.

3) हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी कायम आहे. भाडेपट्ट्यातून रुळांची जमीन पूर्णपणे वगळावी. रूपांतराच्या कामासाठी इमारत लागल्यास नोटीस देऊन ती परत घेण्याची अट असावी.

4) रेल्वेने ही जागा नाममात्र शुल्काने नगर परिषदेला द्यावी. त्यासाठी रेल्वे बोर्डाची मंजुरी लागत असल्यास भुसावळ विभागाने शिफारशीसह प्रस्ताव पाठवावा.

5) नगर परिषदेने जाहीर सूचना काढून संस्था निवडावी. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असावी व तिने मागील 3 वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब सादर करावेत. नगर परिषदेच्या मालमत्तेच्या भाडेपट्ट्याला नगर परिषदांच्या 1965 च्या अधिनियमातील कलम 92 प्रमाणे सभेचा ठराव लागतो. येथेही सर्वसाधारण सभेत खुली चर्चा करूनच निर्णय घ्यावा.

6) पहिला करार 3 वर्षांचा असावा. छप्पर, भिंती व वीजजोडणीची मोठी दुरुस्ती नगर परिषदेकडे, तर रोजची देखभाल, स्वच्छता व वीजबिल संस्थेकडे, असे स्पष्ट लिहावे. पोटभाडेकरू, लग्नसमारंभ, दुकाने व राजकीय कार्यालय यांना पूर्ण मनाई असावी.

7) अभ्यासिकेत मुलींसाठी राखीव जागा, स्वतंत्र स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी असावे. गरजू विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊ नये.

8) विद्यार्थी, महिला, निवृत्त रेल्वे कर्मचारी व नगर परिषदेचे प्रतिनिधी यांची देखरेख समिती नेमावी. संस्थेने दर 3 महिन्यांनी हिशेब सूचना फलकावर लावावा. अटी मोडल्यास करार रद्द करून जागा परत घ्यावी.

या इमारती विकू नयेत किंवा कोणाच्या खासगी ताब्यात देऊ नयेत. मालकी सार्वजनिकच राहावी. पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी निदान पाहणी व छपराची डागडुजी व्हावी आणि या निवेदनावर काय कारवाई झाली ते आम्हांस 30 दिवसांत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
मूर्तिजापूर शहर व तालुक्यातील नागरिक, पालक व विद्यार्थी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रतिलिपी : मा. जिल्हाधिकारी, अकोला, मा. उपविभागीय अधिकारी, मूर्तिजापूर, मा. खासदार व मा. आमदार यांना माहितीस्तव व पाठपुराव्यासाठी.