डिसेंबरचे सरकार आणि मे महिन्याचे नागपूर

1953 च्या नागपूर करारातील शब्दाला जागून राज्याचे विधिमंडळ वर्षातून एकदा उपराजधानीत अधिवेशन भरविते. हे अधिवेशन सहसा डिसेंबरात होते. त्या दिवसांत नागपूरची हवा प्रसन्न असते, संत्र्यांचा हंगाम असतो आणि मोर्चेही कोवळ्या उन्हात निघतात. अधिवेशन संपते, फायली मुंबईस परततात आणि खऱ्या नागपूरचे दर्शन मात्र शासनास घडत नाही. ते नागपूर मे महिन्यात असते. 23 मे 2013 रोजी येथील तापमान 47.9 अंशांवर गेले होते.

या प्रथेस 2018 मध्ये अपवाद झाला. त्या वर्षी पावसाळी अधिवेशन नागपुरात भरले आणि 6 जुलै रोजी मुसळधार पावसाचे पाणी विधान भवनाच्या वीजयंत्रणेच्या कक्षात शिरले. दिवे गेले, कामकाज तहकूब करावे लागले. बदलत्या हवामानाची चर्चा सभागृहात होण्यापूर्वी निसर्गानेच ती तेथे मांडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. परंतु त्या एका दिवसाच्या अंधारातून कोणता बोध घेण्यात आला?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेने या प्रश्नाचे उत्तर दिले. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या खाटांपर्यंत पाणी पोहोचले. काहींचे प्राण गेले. नदीचे आक्रसलेले पात्र आणि सांडव्यापुढील अडथळे यांची चर्चा त्यानंतर न्यायालयात सुरू झाली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण अशाच कारभारासाठी रूढ झाली असावी.

उन्हाच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबविणारे एकच वेळापत्रक राज्यभर लागू करण्यात आले. कोकणातील एप्रिल आणि विदर्भातील एप्रिल यांतील अंतर शिक्षकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी विरोध केला. विदर्भातील शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात, हे ज्या शासनास मान्य आहे, त्यास टिनाच्या छपराखाली उत्तरपत्रिका लिहिणारे मूल एप्रिलमध्ये दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

ज्ञानाचा वा आराखड्यांचा येथे दुष्काळ नाही. पर्यावरणाच्या प्रश्नांवर संशोधन करणारी 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था 1958 पासून याच शहरात आहे. केंद्राची कृती योजना 2008 ची, राज्याचा अनुकूलन आराखडा 2014 चा आणि नागपूरचा उष्माघात-प्रतिबंधक कृती आराखडा 2016 चा. 2020 मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्दही आले. उणीव आहे ती बंधनाची. आराखडा पाळला नाही तर जाब कोणास विचारावा, हे कोठेही लिहिलेले नाही.

1976 च्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. उत्तराखंडातील एका नऊ वर्षांच्या मुलीने 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, ती 2019 मध्ये फेटाळली गेली. मात्र हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आजचे ओझे उद्याच्या पिढीवर ढकलता येणार नाही, असे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 2021 मध्येच तेथील सरकारला बजावले होते. आपल्याकडे हक्क मान्य झाला आहे, त्याची अंमलबजावणी करणारा कायदा मात्र अद्याप व्हावयाचा आहे.

भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. आज दहा वर्षांचे असलेले मूल त्या वेळी सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल. दुसरीकडे कोराडी येथे 660 मेगावॅटच्या आणखी दोन कोळसा संचांसाठी मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. नवे संच जुन्यांपेक्षा कमी कोळशात तितकीच वीज देतात, हे खरे आहे. परंतु एकदा उभारलेला संच किमान पाव शतक कोळसा जाळीतच राहतो, हेही तितकेच खरे आहे. राज्याला वीज आणि विदर्भाला राख व झळा, ही वाटणी आणखी एका पिढीच्या माथी मारावयाची काय?

पाश्चात्त्य राष्ट्रांनी शतकभर धूर ओकला, मग त्याग आम्हीच का करावा, असे विचारले जाते. जागतिक परिषदांत हा प्रश्न रास्तच आहे आणि तो ठामपणे विचारला पाहिजे. परंतु शाळेवर उष्णतारोधक छप्पर घालण्यास, नदीचे पात्र मोकळे करण्यास किंवा दुपारी बांधकाम मजुरास विश्रांती देण्यास कोणत्याही परराष्ट्राची आडकाठी नाही.

आराखड्यांना कायद्याचे बळ द्यावे, त्यांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद असावी आणि वर्षभरात काय झाले याचा लेखी अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन असावे. तो अहवाल नागपूर अधिवेशनातच सादर व्हावा, आणि त्यापूर्वी संबंधित मंत्र्यांनी मे महिन्यातील एक दुपार येथील टिनाच्या छपराखालील एखाद्या वर्गात काढावी. ज्यांना अद्याप मताचा अधिकार नाही, त्यांचे म्हणणे त्या दुपारी न बोलताही ऐकू येईल.