खुर्चीसह रंगमंचावर

१९७३ साली प्रयोग सुरू असताना सेलेस्ट डँडेकर ही ब्रिटिश नर्तकी रंगमंचावर पडली. मणक्याला इजा झाली, व्हीलचेअर आली, नाच थांबला.

१९९१मध्ये तिने अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह ‘कँडोको’ हा नृत्यसंच उभारला. त्याचं मूळ उत्तर लंडनमधल्या स्टॅनमोरच्या कार्यशाळांत होतं. अपंग आणि इतर नर्तक तिथे बरोबरीने नाचू लागले. खुर्चीचं वळणं, घसरणं, तिच्यावर भार टाकणं यातूनच रचना घडू लागल्या. अशा नाचाला दयेच्या टाळ्या देणं हा त्याचा अपमानच. त्याला चोख समीक्षा हवी.

आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदाही सांस्कृतिक जीवनातला सहभाग मान्य करतो. प्रेक्षागृहाच्या दाराशी रॅम्प येतोही. पण रंगमंचावर जाणाऱ्या पायऱ्यांचं काय? नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी आणि गावोगावच्या नृत्यवर्गांनी आधी तिथे लक्ष द्यावं.