पेला लहान, पण माप कोठे?

‘प्राध्यापकमहाशय जपानात गेले आणि पाहून काय आले, तर बिअरची जत्रा!’ असा टोमणा गेल्या महिन्यात एका वयोवृद्ध स्नेह्यांनी भरबैठकीत मारला आणि मंडळी मनमुराद हसली. त्याच बैठकीत एक तरुण वकील होते. त्यांनी माझी बाजू घेतली. परंतु ती अशी की, ‘चाखणे ही कलाच आहे, आणि कलेला कसली आली आहे मर्यादा? असा मेळा आपल्या पुण्यातही भरलाच पाहिजे!’ खरे सांगावयाचे तर टोमण्यापेक्षा या वकिलीनेच मी अधिक अस्वस्थ झालो. एकाला पेला दिसला की पाप दिसते, दुसऱ्याला कला दिसते. पेल्यात किती आहे हे पाहण्याची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत. म्हणून दोघांनाही उत्तर देणे मला भाग आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. माझे धाकटे मामा गणितात असामान्य बुद्धीचे होते. मला बीजगणिताची गोडी त्यांनीच लावली. दारूने त्यांचे मातेरे झाले, आणि मामींनी शिवणकाम करून तीन मुले वाढविली. तेव्हा या विषयाकडे केवळ मौज म्हणून पाहणे मला शक्य नाही, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

माझा एक जुना विद्यार्थी योकोहामास नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या आग्रहावरून मी त्या मेळ्यास गेलो. जपानात २०२२ पासून अठराव्या वर्षी माणूस कायद्याने सज्ञान होतो, परंतु मद्यासाठी वयाची अट अद्यापि विसाचीच आहे. प्रवेशमूल्य भरताच एक इवलासा काचेचा पेला हाती पडला. त्यात ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सुमारे दहा चमचे, एवढेच मावते. ‘सर, पेला लहान आहे, काळजी नको,’ असे विद्यार्थी म्हणाला. आत ओळीने मेजे मांडलेली होती, आणि बऱ्याच मेजांमागे ती बिअर स्वतः बनविणारे कारागीरच उभे होते. एका मेजावर सांशो घातलेली बिअर होती. तो पेला नाकाशी नेला मात्र, आणि मला कोकणातील आजोळचे स्वयंपाकघर आठवले. आपल्याकडे बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात, त्याच्याच कुळातले हे झाड! जिभेवर तीच झिणझिण, तोच लिंबाच्या सालीचा गंध. मी कारागिराला खुणेनेच दाद दिली; त्याने कमरेत वाकून ती स्वीकारली.

हा कारागीर तेथे उभा राहू शकला, यामागे एक कायदा आहे. बिअर जपानला नवी नाही. याच योकोहामात विल्यम कोपलंड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७० च्या सुमारास बिअरचा कारखाना चालविला, आणि पुढे ‘किरीन’ ही प्रसिद्ध बिअर १८८८ मध्ये याच नगरातून बाजारात आली. परंतु वर्षाला किमान २,००० किलोलिटर, म्हणजे वीस लाख लिटर, बिअर बनविण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला परवानाच मिळत नसे. १९९४ मध्ये ही अट ६० किलोलिटरवर आणली गेली, आणि लहान माणसाला वाट मिळाली. इबाराकी प्रांतातील एक घराणे १८२३ पासून तांदळाची साके बनवीत आले होते, ते १९९६ मध्ये बिअरकडे वळले. इसे येथे १५७५ पासून यात्रेकरूंना मोची खाऊ घालणाऱ्या दुकानाच्या वारसांनी १९९७ मध्ये तेच केले. आरंभी पुष्कळांची बिअर बेताचीच होती. प्रवासी ती भेटवस्तू म्हणून नेत आणि पुन्हा मागत नसत. ज्यांनी विद्या कमावली ते टिकले, इतर बुडाले.

आता माझ्या वयोवृद्ध स्नेह्यांस विचारतो : रस, आस्वाद, रुची, गोडी हे साहित्यचर्चेतील आपले लाडके शब्द आले कोठून? ते सारे जिभेवरून आले. जिभेकडून शब्द उसने घ्यावयाचे आणि जिभेच्या विवेकाला मात्र हीन लेखावयाचे, हा कोठला न्याय? त्या मेळ्यात पहिल्या तासाला मी जे पाहिले ते आपल्या एखाद्या ग्रंथचर्चेत शोभले असते. लोक गंध घेत होते, घोट क्षणभर तोंडात ठेवीत होते, वहीत टिपण करीत होते. नशेला लक्ष विझवावयाचे असते; येथे लक्षाचीच वात मोठी केली जात होती. आपल्या राज्यातील १९४९ चा दारूबंदी कायदा तर परवाना देतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी! म्हणजे पिणारा एक तर रोगी, नाहीतर गुन्हेगार. चोखंदळ मनुष्य त्या कायद्याच्या कल्पनेतच नाही.

परंतु वकीलमहाशयांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. पेला लहान होता हे खरे; पण तो कितीदा भरावा यास बंधन नव्हते. एकदा प्रवेशमूल्य दिले की साडेतीन तास हवे तितके प्या! चाळीस वेळा भरलेला हा पेला म्हणजे दोन लिटर बिअर. शेकडा पाच या प्रमाणाने तीत शुद्ध मद्यार्क जवळजवळ ८० ग्रॅम. खुद्द जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे की, दिवसाला पुरुषाने ४० ग्रॅम व स्त्रीने २० ग्रॅम इतका मद्यार्क घेतल्यास रोगांचा धोका वाढतो. हा तर त्याच्या दुप्पट! तिसऱ्या तासाला वह्या खिशात गेल्या होत्या आणि सर्वांत लांब रांग सर्वांत कडक बिअरपुढे होती. ज्या प्रौढ गृहस्थांनी मघाशी मला हॉपच्या गंधातले बारकावे मोठ्या आस्थेने समजावून दिले होते, ते जिन्याच्या पायरीवर डोके धरून बसले होते. सांशोवाला कारागीर अजून पेले भरीतच होता, पण पेल्यात काय आहे हे आता त्याला कोणी विचारीत नव्हते. वर्षाची मेहनत त्याने ज्यांच्यापुढे मांडली, त्यांची जीभच बधिर झाली होती. अमर्याद आस्वादात पहिला बळी आस्वादाचाच जातो.

‘कलेला मर्यादा कसली?’ या प्रश्नास माझे उत्तर त्या जिन्याच्या पायरीवर बसलेले आहे. पुण्यात २००९ पासून अशी लहान प्रमाणावरची बिअर बनते. उद्या मेळाही भरेल. भरवावयाचाच असेल तर पेल्यामागे पैसे घ्या, जसे जपानातीलच दुसऱ्या काही मेळ्यांत घेतात. मोजून सहा पेले द्या, आणि प्रत्येक पेल्याबरोबर तो बनविणाऱ्याशी दोन शब्द बोलण्याची सवड द्या. आणि हे प्रकृतीला हितकर आहे, अशी थाप कोणी मारू नये. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट बजाविले आहे. मोजून सहाच दिले तर मेळा चालणार नाही, असे ज्यांस वाटते त्यांनी तो मद्यपानाचा आहे असे सरळ सांगावे. रसिकतेचे पांघरूण त्यावर घालू नये.

लहान पेल्याने माझे मामा वाचले असते, असे मी म्हणत नाही. त्यांना पहिलाच पेला वर्ज्य होता, आणि तसे लोक प्रत्येक मेळ्याच्या दाराशी उभे असतात, हे विसरणारी रसिकता मला नको. सहाव्या पेल्यानंतर मी माझा पेला मेजावर पालथा घातला. विद्यार्थी म्हणाला, ‘सर, पैसे तर भरलेलेच आहेत!’ मी म्हटले, ‘बाबा, म्हणूनच.’