बंद करा, चालू करा, गप्प बसा

घरचं नेट दर दहा मिनिटांनी गचकायला लागलं की कस्टमर केअरच्या वैद्यबुवांकडे सगळ्या रोगांवर एकच मात्रा असते: "सर, राउटर बंद करून परत चालू करा."

या मात्रेने गुण येत नाही असं नाही. तासभर येतो, आणि तीच तर गोची आहे. घरगुती राउटर आपला लॉग बहुधा रॅममध्ये ठेवतात. बटण बंद केलं की लिंक किती वेळा तुटली, कधी तुटली, सगळं पुसलं जातं. लाइन नव्याने जोडली जाते, नेट थोडा वेळ शहाण्यासारखं वागतं आणि तेवढ्यात तिकडे तक्रार 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद! याला दुरुस्ती म्हणायचं? हे तर पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं झालं.

दुसरा विनोद स्पीड टेस्टचा. अर्ध्या मिनिटाची चाचणी, आणि "सर, तुम्हाला पूर्ण शंभर मिळतायत." अहो, पण तक्रार वेगाची होती कुठे? आपली सरकारी व्याख्याही त्याच वळणाची. २००४ साली ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. आकडा वाढला, पण आकडा वेगाचाच. नेट '९९ टक्के वेळ चालू' म्हणजे महिन्याला ७ तास १२ मिनिटं बंद. सलग गेलं तर माणूस सिनेमा बघून येईल. तेच दोन-दोन मिनिटं करत २१६ वेळा गेलं तर एक मीटिंग धड होणार नाही.

खरं निदान अवघड नाहीये. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. एका खिडकीत राउटरला पिंग लावा, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, आणि रात्रभर चालू ठेवा. दोन्ही एकदम तुटले तर केबल, अडॅप्टर नाहीतर राउटर तपासा. पहिला अखंड आणि दुसरा तुटतोय, तर दोष बहुधा लाइनचा. दोन्ही ठणठणीत आणि तरी मोबाइलवर रडारड, तर वायफायकडे बघा.

पण मुळात ही उठाठेव आपण का करायची? फायबर असेल तर घरातलं यंत्र कधी तुटलं, कधी जोडलं गेलं, सिग्नल किती येतोय, हे कंपनीच्या टोकाला असलेल्या ओएलटीला दिसतं. माहिती त्यांच्याकडे, पैसे त्यांच्याकडे, आणि रात्रभर जागून पुरावे गोळा करायचे आपण!

माझी मागणी साधी आहे. विजेच्या बिलावर युनिटं छापतात ना? तशी नेटच्या बिलावर त्या महिन्यातली बंद मिनिटं आणि तुटण्याची संख्या छापा, आणि तेवढे पैसे वजा करा. एकदा खिशाला चाट बसली की खांबावरचा सैल जोड कुणाला तरी आपोआप दिसेल.

तोवर फोनवर त्यांनी "बंद करून चालू करा" म्हटलं, तर आधी लॉगचा फोटो काढून ठेवा. मग खुशाल बटण दाबा.