सुटकेची तारीख : मेहेरबानी नव्हे, हिशोब

जन्मठेप म्हणजे किती वर्षे, असे तुकईथडच्या बाजारात किंवा खकनारच्या तहसीलीपुढे कोणालाही विचारले, तर उत्तर ठरलेले असते : चौदा वर्षे. एखादा शहाणा त्यापुढे जाऊन सांगतो की, तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळी मोजतात, म्हणजे खरी सातच वर्षे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण याच उत्तरांवर विसंबून आपल्या भागातील कितीतरी घरे मुलीचे लग्न, शेतीची वाटणी, कर्जाची फेड अशा गोष्टी पुढे ढकलत बसतात. सांगितलेली तारीख येते आणि जाते, माणूस मात्र येत नाही. मग "वरपर्यंत ओळख आहे, तारीख लावून देतो" म्हणणाऱ्यांचे फावते.

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. तुरुंगाचे नाव निघाले की आपल्या जुन्या घराण्यांत विषय बदलण्याची पद्धत आहे. लाज वाटते हे आम्ही समजू शकतो. पण लाजेने हिशोब सुटत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. पॅरोल ही सुटका नव्हे, ती रजा आहे. महाराष्ट्रात तिचे दोन प्रकार आहेत. ठराविक शिक्षा भोगल्यावर चांगल्या वर्तनाबद्दल मिळते ती संचित रजा, म्हणजे फर्लो. घरातील आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणासाठी मिळते ती अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. महाराष्ट्राच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. जितके दिवस पॅरोलवर बाहेर, तितकी सुटकेची तारीख पुढे. गोव्याच्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेच सांगितले की, चौदा वर्षांचा प्रत्यक्ष कारावास मोजताना पॅरोलचा काळ त्यात येणार नाही.

आता ठराविक मुदतीच्या शिक्षेचा हिशोब पाहू. समजा, महाराष्ट्रातील एखाद्याला १ जुलै २०२० रोजी दहा वर्षांची शिक्षा झाली. वरवर पाहता ती ३० जून २०३० ला संपते. पण निकालापूर्वी तो दीड वर्ष कच्चा कैदी होता. तो काळ कायद्याने वजा होतो, म्हणून तारीख आली ३१ डिसेंबर २०२८. चांगले वर्तन आणि काम यांबद्दल एकंदर एक वर्षाची माफी मिळाली, तर ३१ डिसेंबर २०२७. मध्ये साठ दिवस पॅरोल घेतला, म्हणून २९ फेब्रुवारी २०२८. दंड भरला नाही आणि त्याबद्दल सहा महिन्यांची जादा कैद असली, तर ऑगस्ट २०२८ ची अखेर. यात कोणाची मेहेरबानी कोठे आली? ही सरळ बेरीज-वजाबाकी आहे. आणि यातील शेवटचे सहा महिने तर दंडाची रक्कम वेळेवर भरून घरच्यांनाच वाचवता आले असते.

जन्मठेपेचे गणित निराळे. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात असा दावा केला होता की, भोगलेली वर्षे आणि मिळालेली माफी मिळून वीस वर्षांहून अधिक होतात, म्हणून आपल्याला सोडावे. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे उरलेले सर्व आयुष्य. तुरुंगातील माफी कितीही साठली, तरी सरकारने उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय दार उघडत नाही, हे तेव्हा पक्के झाले. गोडसे पुढे १९६४ साली सुटले.

मग चौदा वर्षे आली कोठून? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घालण्यात आले. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला माफी न धरता प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, असे ते कलम सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ म्हणून आले आहे. म्हणजे चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नसून सुटकेचा विचार करण्यासाठीची किमान अट आहे. त्यानंतर राज्याचे धोरण लागते. हे धोरण कोणत्या सालचे, हेही ठरलेले आहे. शिक्षा झाली त्या दिवशी जे धोरण होते ते लागू होते, आणि नंतरचे धोरण अधिक सौम्य असेल तर त्याचा लाभ मिळतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आहे.

येथे आपल्या सीमेवरच्या घरांचा खास प्रश्न येतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तुकईथड आणि पलीकडची धारणी एकाच राज्यात होती, राजधानी नागपूर होती. कैद्यांना परवान्यावर, देखरेखीखाली सोडण्याचा मध्यप्रदेशचा कायदा १९५४ सालचा, म्हणजे नागपुरात राजधानी असतानाचाच. आज सोयरिक दोन्हीकडे आहे, शेतीही दोन्हीकडे आहे, पण कायद्याची मोजपट्टी दोन आहेत. आपल्या गावचा माणूस अमरावती जिल्ह्यातील न्यायालयात दोषी ठरला, तर त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा निर्णय महाराष्ट्र सरकार घेणार. बुऱ्हाणपूरच्या न्यायालयात ठरला, तर मध्यप्रदेश सरकार. गुन्हा कोठे घडला, घर कोठे आहे, याने फरक पडत नाही. शिक्षा कोणत्या राज्याच्या न्यायालयाने दिली, एवढेच पाहायचे.

बिल्किस बानो प्रकरणाने हा मुद्दा देशाला शिकवला. गुन्हा गुजरातेत घडला होता, पण खटला मुंबईत चालला. गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये अकरा जणांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले, कारण निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता. सर्वांना दोन आठवड्यांत परत तुरुंगात हजर व्हावे लागले. तेव्हा तुकईथडहून भोपाळला अर्ज करायचा की मुंबईला, हे आधी पाहावे. चुकीच्या दारात वर्षे वाया जातात.

दुसरी बाजूही आम्हांस सांगितली पाहिजे. कैद्याचे घर ज्या गावात, त्याच गावात पुष्कळदा फिर्यादीचेही घर असते. ज्यांचा माणूस गेला, त्यांनाही तारीख कळली पाहिजे. एके सकाळी आरोपी चौकात उभा दिसला की जुनी आग पुन्हा पेटते. तारीख नियमाने ठरलेली आणि आधी माहीत असलेली असली, तर दोन्ही घरे मनाची तयारी करू शकतात. आम्ही कोणाला लवकर सोडा असे म्हणत नाही. जी तारीख कायद्याने येते ती लपवू नका आणि चुकवूही नका, एवढेच म्हणतो.

चुकते तेव्हा काय होते, याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. सागर जिल्ह्यातील एका माणसाला २००४ साली जन्मठेप झाली. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती सात वर्षांवर आणली. तरीही तो सुटला जून २०२५ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळ विनाकारण आत राहून. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेश सरकारला २५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि असे आणखी कोणी अडकले आहेत का, हे तपासण्याचे काम राज्य विधी सेवा प्राधिकरणाला सांगितले. निकालाचा कागद होता, सात वर्षांचा आकडाही होता. तो कोणी मोजला नाही, इतकेच. आणि नावाजलेल्या माणसांचे दिवस मात्र बरोबर मोजले जातात. अभिनेता संजय दत्त फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून माफीसह सुटला, तेव्हा त्यावर मुंबई उच्च न्यायालयात तक्रार गेली. सरकारने हिशोब दाखवला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तो नियमात असल्याचे म्हटले. असाच हिशोब खकनारच्या मजुराच्याही वाट्याला यावा, ही आमची मागणी अवाजवी आहे काय?

तसे कायद्याने आता बरेच दिले आहे. १८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, जेथे धोरण आहे तेथे पात्र कैद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने त्याचा विचार केलाच पाहिजे, आणि नकार दिला तर थोडक्यात कारण देऊन कळवले पाहिजे. कागदावरचे हे हक्क गावापर्यंत आणायचे असतील, तर आपणच हलले पाहिजे.

यासाठी मंडळातर्फे आम्ही कलेक्टर कचेरीकडे आणि तुरुंग खात्याकडे तीन मागण्या मांडत आहोत. एक, शिक्षा होताच प्रत्येक कैद्याच्या घरी तारखेचा लेखी तक्ता द्यावा : वजा झालेले दिवस, मिळालेली माफी, दंडाची रक्कम आणि अंदाजे सुटका, आणि मराठी घरांना तो मराठीतही मिळावा. दोन, रजेच्या अर्जावर थान्याचा अहवाल ठराविक मुदतीत यावा. बहिणीच्या लग्नाची रजा लग्नानंतर मंजूर होऊन उपयोग नाही. तीन, नकाराचे कारण लेखी द्यावे.

आणि समाजबांधवांना एक विनंती. ज्यांच्या घरचा माणूस आत आहे, त्यांनी निकालाची प्रत, अटकेची तारीख आणि दंडाची पावती एका पिशवीत जपून ठेवावी आणि मंडळाच्या वकील मंडळींना दाखवावी. नाव कोठेही जाहीर होणार नाही. जामीनदार मिळत नाही म्हणून ज्याची रजा अडली आहे, त्याच्यासाठी चार प्रतिष्ठित घरांनी पुढे यावे. दलालाला एक पैसाही देऊ नये. तारीख कोणी "लावत" नाही, ती मोजावी लागते. आणि मोजायला आपल्यातल्या कोणालाही येते.