सही मुलाची, शरीर बापाचे

हा विषय आमच्या बैठकीत काढला तेव्हा एका मैत्रिणीने सरळच विचारले, "बायकांच्या अंकात आता पुरुषांच्या प्रोस्टेटवर लिहायचं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला एका मावशींनी दिले. त्यांची हकिगत त्या दोघांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने सांगते.

मी रुग्णालयात समाजसेविका आहे. मावशी माझ्याकडे आल्या त्या नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन. दोघेही शेतमजूर, वय साठीच्या पुढे. "ताई, चाळीस वर्षांत कधी हात उगारला नाही. आता दळण आणायला गेले तरी विचारतात, कुणाकडं गेली होतीस?" काकांशी मी वेगळी बोलले. ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बैल बडवावा तसं बडवलं मला. आन् कुणी इचारलंबी नाही."

कागदपत्रे काढून पाहिली. काकांना प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तो हाडांपर्यंत गेला होता. उपचार म्हणून दोन्ही अंडकोष काढले होते. संमतीपत्रावर सही मुलाची होती. मुलाला "छोटी शस्त्रक्रिया" एवढेच सांगितले गेले होते. त्याला जे समजले ते बापासमोर बोलायची लाज वाटली. मावशींना तर कुणी काहीच सांगितले नव्हते.

उपचार चुकीचा नव्हता, हे आधी स्पष्ट करते. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर वाढतो. ते संप्रेरक थांबवले की रोग आवरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हेच काम इंजेक्शननेही होते, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि खर्च सुरूच राहतो. शस्त्रक्रिया एकदाच होते. मजुराच्या घरात तीच सोयीची ठरू शकते. पण हा निर्णय काकांचा होता. नंतर कामेच्छा जाते, ताठरता येत नाही, हाडे ठिसूळ होतात, मन खचते, अंगातून वाफा येतात. हे सगळे मी समजावून सांगत होते तेव्हा मावशी मध्येच म्हणाल्या, "वाफा? माझी पाळी गेली तेव्हा मलापण अशाच यायच्या. मला वाटलं, ह्यांना ताप येतोय." रात्री नवऱ्याची भिजलेली बनियन बदलणारी ही बाई. तिला दोन वाक्ये सांगायला डॉक्टरांना किती वेळ लागला असता?

आपल्या प्रत्येकीच्या घरात वडील, सासरे, नवरा असतात, म्हणून थोडी माहिती. प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते. धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते, कधी लघवी पूर्ण तुंबते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा कर्करोग होतही नाही. तिच्यावरच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते, काहींनी कामेच्छा कमी होते. फिनास्टेराइडसारख्या गोळीची फुटलेली पूड गरोदर बाईने हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. औषधे काढून देणाऱ्या सुनेला हे कोण सांगते?

दुसरे, पीएसए ही रक्ततपासणी. तिचा आकडा कर्करोगाने वाढतो, तसा साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, लघवी तुंबल्यानेही वाढतो. फिनास्टेराइड घेणाऱ्याचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून ती गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावेच लागते. आकडा वाढला की सुईने तुकडा काढण्याची तपासणी येते. त्यात सापडणारे कितीतरी कर्करोग इतके संथ असतात की माणसाला जन्मभर त्रास झाला नसता. उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा आणि ताठरता जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतील तज्ज्ञ-मंडळाने २०१८ मध्ये सांगितले की त्रास नसलेल्या ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने फायदे-तोटे समजून घेऊन स्वतः ठरवावे, आणि सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नये. लघवीतून रक्त किंवा न थांबणारी हाडदुखी असेल तर मात्र थांबू नये.

"स्वतः ठरवावे" हे शब्द आपल्या चळवळीला नवे नाहीत. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडे तिच्या आईच्या संमतीवर काढली गेली होती. सज्ञान रुग्णाच्या वतीने आईने दिलेली ती संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. एका बाईने लढून मिळवलेला हा हक्क काकांचाही होता. त्यांना तो कुणी सांगितला नाही.

एक गोष्ट ठामपणे म्हणते. काकांच्या हाताला आजाराची सबब मिळणार नाही. मारहाण ही मारहाणच, आणि तिची तक्रार नोंदवायची की नाही हे मावशी ठरवतील. त्या हव्या तेव्हा येऊ शकतात, हेही त्यांना सांगितले आहे. पण पुरुषपण म्हणजे एवढेच, असे काकांना जन्मभर शिकवणाऱ्या व्यवस्थेशीच तर आपले भांडण आहे. ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ बोलायला शब्द उरला नाही, फक्त हात उरला. त्याची किंमत मावशींच्या पाठीने मोजली.

म्हणून मागणी साधी आहे. संमतीपत्र मराठीत असावे, रुग्णाला वाचून दाखवावे, आणि सही किंवा अंगठा त्याचाच असावा. त्याची परवानगी असेल तर बायकोला आत बोलवावे. नळी धुणे, अंथरूण बदलणे, गोळ्या देणे तिने करायचे आणि बोलणे सुरू झाले की "बाई, जरा बाहेर थांबा" ऐकायचे, हे आता पुरे.

काका आता दर महिन्याला समुपदेशनाला येतात. गेल्या खेपेला मावशी त्यांच्याबरोबर आत आल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली.